मिठाच्या रस्त्यावरची गाडी

हेंटीस बे,
२ जून १९९८

तीर्थरूप गॉटलीबदादास,
धाकट्या आडेलचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझा मेहुणा फेस्टस वारला त्याला वर्ष होईल. त्याचा पिकअप अंगणात तसाच आहे. दुपारी समुद्रावरून धुकं आलं की मी आत जाऊन बसते. काच पांढरी होते, घरं पुसली जातात आणि गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी वाटते. मग फेस्टस स्टिअरिंगवर बोटं वाजवत गुणगुणतोय असं ऐकू येतं. हसू नकोस.

काल एक गिऱ्हाईक आलं होतं. चौघांनी ढकललं तरी चाक हलेना. मिठाने ब्रेक खाल्लेत, भंगारात घालतो, म्हणाला. विंडहुकहून हिल्डाचं रोजचं टुमणं आहे की तो गंज वीक आणि लेकीकडे राहायला ये. काय करू ते कळव. वहिनीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आडेल

खोरिखास,
१५ जून

चि. आडेल हिस,
अनेक आशीर्वाद.

भंगारवाल्याला सांग, गाडी मेलेली नाही, नुसती उभी राहून आखडली आहे. आणि बाईसाहेब, आत बसून स्वप्नं पाहण्यापेक्षा ती चालवायला शिका!

तुमच्याकडचा रस्ताच मिठाचा, खारं पाणी शिंपून दाबलेला, त्यावर रोजचं धुकं. फेस्टस दवाखान्यात गेला तो हँडब्रेक ओढूनच गेला असणार. अशा हवेत हँडब्रेक ओढून गाडी दिवसेंदिवस ठेवायची नसते, मागची चाकं चिकटून बसतात. गिअरमध्ये ठेवावी, चाकाला दगड लावावा. पुढच्या चाकांत कॅलिपर असतो, म्हणजे ब्रेकचा चिमटा. तो ज्या पिनांवर सरकतो त्या गंजल्या की चिमटा सुटत नाही, चाक धरून ठेवतो. पिना काढून घास आणि ब्रेकचंच ग्रीस लाव. साध्या ग्रीसने पिनेवरचं रबर फुगतं. बसवाल्याकडे डबी पाठवतोय. ब्रेक ऑईलही बदलून घे, ते हवेतलं पाणी पितं. मिठावरून आलीस की गाडी खालून गोड्या पाण्याने धू.

मी स्वतः आलो असतो, पण डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत. डॉक्टर विंडहुकला जा म्हणतात. मी म्हणतो, पाहायचं ते पाहून झालं. आता गॅरेजातले पाने हाताने चाचपून ओळखतो. तब्येत सांभाळ, आणि रागावलीस तरी पत्र टाकत जा.

तुझा,
गॉटलीब

हेंटीस बे,
३० ऑगस्ट

तीर्थरूप दादास,
आडेलचा नमस्कार, वि. वि.

गाडी चालते! आणि मी ती चालवते! शेजारच्या पेट्रीनाने, मासळीच्या ट्रकवाल्या पेट्रीनाने शिकवलं. मागची चाकं तिने हातोडीने ठोकून सोडवली, पुढच्या पिना आम्ही दोघींनी घासल्या. आता लोक म्हणतात की आडेल स्वतःपेक्षा गाडीलाच जास्त आंघोळ घालते.

परवा मात्र स्वाकोपमुंडच्या वाटेवर गाडी डावीकडे ओढू लागली. करपल्याचा वास आला. थांबून पाहिलं तर पुढचं डावं चाक तव्यासारखं तापलेलं. पाण्याचा कॅन होता, पण तापल्या लोखंडावर ओतायचा धीर झाला नाही. बसून राहिले. धुक्यात काही दिसत नव्हतं. वरून फ्लेमिंगोंचा थवा गेला, नुसता पंखांचा आवाज. मला वाटलं, आता फेस्टस बोलेल. तो बोलला नाही. दादा, मला रडू आलं नाही. चाक निवल्यावर जॅक लावला. एका पिनेचं रबर फाटलेलं, आत पाणी. पुसून, ग्रीस भरून, हळूहळू घरी आले. पेट्रीनाने नवं रबर बसवून दिलं.

हिल्डाला कळवलं, गाडी विकत नाही. आणि पुढच्या आठवड्यात मी खोरिखासला येतेय, तुला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायला. वहिनीने तुझी पिशवी भरून ठेवावी. नाही म्हणालास तर उचलून गाडीत घालीन.

तुझीच हट्टी,
आडेल

विंडहुक, हिल्डाचं घर,
२१ सप्टेंबर

चि. आडेल हिस,
अनेक आशीर्वाद.

एका डोळ्याची पट्टी सुटली. हे पत्र स्वतः लिहितोय, ओळी वाकड्या असतील तर नर्सला दोष दे.

वाटेत मी गप्प होतो म्हणून तू रुसली होतीस. अगं, मी ऐकत होतो. उतार आला की तू अॅक्सिलरेटरवरचा पाय आधीच उचलायचीस, ब्रेकला उगाच घासत नव्हतीस. आऊटयो गावाच्या पुढे शेळ्या आडव्या आल्या आणि तू एकदम ब्रेक दाबलास, तेव्हा मी देवाचं नाव घेतलं. गाडी सरळ रेषेत थांबली, तसूभर बाजूला सरकली नाही. मला सगळं दुधासारखं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात चहूकडून शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. उतरून चारही चाकांवर हात फिरवला. सगळी सारखीच कोमट. त्या क्षणी दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन करायचं ठरवलं. तुला सांगितलं नाही, फुशारली असतीस.

तू पेट्रीनाच्या ट्रकवर चालक हवा म्हणून घाईने परत गेलीस, पट्टी सुटायच्या आधी. त्यामुळे तुझा चेहरा पाहायचा राहिला. माझ्या मनात तुझे केस अजून काळेच आहेत. हिल्डा म्हणते, मामा, आईचा एक केस काळा राहिलेला नाही. माझा विश्वास बसत नाही. दुसरा डोळा उघडला की तिकडे येतो. धुकं नसेल त्या सकाळी दारात उभी राहा.

तोवर या म्हाताऱ्यावरची माया असू दे.

तुझा,
गॉटलीब