बॉनेटवर ठेवलेला हात

पलूस, जि. सांगली
२७ ऑक्टोबर २०२५

ती. नाथामामांस,
अंकिताचा शि. सा. न. वि. वि.

कालच मामीला फोन केला होता. गाडीचं सगळं दुखणं तिच्या कानावर घातलं आणि तुमच्यापर्यंत पोचवायला सांगितलं. त्यावर तुमचा निरोप आला की पंक्चर काढून घे. मामा, पंक्चर नाही हो. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मामीला इंजिन कळत नाही, मग पत्राशिवाय माझ्यापुढं दुसरी वाट नाही.

गाडी उभी राहिली की मिसिंग मारते. सांगलीला कामावर जाताना रेल्वे फाटकाशी थांबले, की स्टिअरिंग, सीट, आरशातली मागची माणसं, सगळं थरथरतं आणि मधेच इंजिन बंद पडतं. रेस दिली की मात्र शहाण्यासारखी पळते. इथल्या गॅरेजवाल्यानं प्लग बदलले, आतली घाण साफ केली, तरी तेच. शिवतेज म्हणतात, विकून टाकू. माझी पहिली गाडी आहे ती, तुम्हीच इंजिन ऐकून निवडलेली.

आणि आणखी एक. मामी म्हणाली, कान गेल्यापासून तुम्ही पान्यांची पेटी माळ्यावर टाकलीय, यंदा खंडेनवमीच्या पूजेलासुद्धा खाली काढली नाही. फौजेतून आल्यावर पंचक्रोशीतले ट्रॅक्टर तुमच्या दारात उभे असायचे. मला ऐकून रडू आलं. आधी गाडीचं सांगा, मग पेटीचं बोलू.

तुमच्या रागासकट मायेची वाट पाहणारी,
अंकिता


खंडाळा, जि. सातारा
३ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अंकितास,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीचे पायच आहे.

गाडीचं म्हणशील तर माझ्याकडून काही होणार नाही. मी सगळी नोकरी कानांवर केली. इंजिन ऐकायचं आणि दुखणं सांगायचं, एवढंच मला येत होतं. आता ते मशीन कानात घातलं की पंखा, कुकर आणि तुझी मामी एकाच आवाजात बोलतात. बहिऱ्यानं इंजिनावर बोलू नये. पेटीचा विषयही पुन्हा काढू नकोस. शिवतेजरावांना म्हणावं, चांगल्या मेकॅनिकला दाखवा.

तुझ्या सासूबाई मनुबाईंना नमस्कार. माया आहे, ती पत्राच्या लांबीवर मोजू नये.

तुझा मामा,
नाथाजी

ता. क. हे कधीपासून होतंय ते तू लिहिलं नाहीस. त्याआधी बॉनेट कोणी उघडलं होतं? उभ्या गाडीत थरथर आणि रेस दिली की ठीक, म्हणजे इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढत असणार. उभं असताना ते थोडीच हवा घेतं. त्यात ही चोरटी हवा मिसळली की पेट्रोलचं माप बिघडतं. रेस दिल्यावर एवढी हवा आत जाते की ती जाणवतच नाही. असं कर. गाडी न्यूट्रलला टाक, हँडब्रेक ओढ, इंजिन चालू ठेव. ओढणी आणि केस पंख्यापासून लांब. इस्त्री करताना मारतेस तो पाण्याचा फवारा घे आणि इंजिनात हवा जाते तिथल्या रबरी नळ्यांवर एकेक करत जरासा मार, प्लगच्या बाजूला नको. दुसरा हात मडगार्डवर ठेव. कान देऊ नकोस, हाताकडं लक्ष दे. पाणी जिथं पडल्यावर थरथर बदलेल तिथं भोक आहे. मामी म्हणते, ता. क. पत्रापेक्षा मोठा झाला. झाला असेल.


पलूस
९ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस,
आनंदात असलेल्या अंकिताचा शि. सा. न. वि. वि.

सापडलं! तुम्ही विचारल्यावर आठवलं, हे सगळं दसऱ्यानंतरच सुरू झालं. आणि बॉनेट उघडलं होतं ते सासूबाईंसाठी. खंडेनवमीला विळे-खुरपी पुजून झाल्यावर त्यांनी शिवतेजना बॉनेट उघडायला लावलं. गाडीचं हत्यार आत असतं, बाहेरून हळदकुंकू लावून काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. झेंडूची माळ आत टिकेना, म्हणून त्यांनी ती बारीक तारेनं मागच्या एका रबरी नळीला पिळून बांधली. फुलं वाळल्यावर आम्ही माळ ओढून काढली, तार तिथंच राहिली. इंजिनाच्या हादऱ्यानं ती नळीत रुतत गेली. नळी मागच्या बाजूला खाली वळते, म्हणून गॅरेजवाल्याला दिसली नाही.

तिथं पाणी पडलं आणि माझ्या तळव्याखाली गाडी एकदम शांत झाली. पाणी ओसरलं, की पुन्हा थरथर. इंजिन बंद करून चाचपलं तर बोटाला तार लागली. सध्या चिरेवर टेप गुंडाळलीय. काल फाटकाशी थांबले होते, गाडी जराही थरथरली नाही.

सासूबाईंना सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण त्या मागंच उभ्या होत्या. पूजा करताना आपल्याच हातून गाडीला इजा झाली म्हणून दुपारी जेवल्याही नाहीत. मग त्यांची समजूत काढायला मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. बहिऱ्यानं इंजिनावर बोलू नये, इथवर आले आणि त्यांनी मला थांबवलं. म्हणाल्या, “मामास्नी लिही, कान गेलं म्हनून हात गेलं व्हय? तितं बसून हितली गाडी बरी केली, आनि म्हनं मला येत न्हाई.” त्यानंतर जेवायला बसल्या.

गाडी विकायचं आता कोणी बोलत नाही. नवी नळी आणून ठेवलीय. गॅरेजवाल्याला बोलावलेलं नाही. ती कोणी बसवायची ते तुम्ही कळवा.

मामीला नमस्कार. रागवा, पण उत्तर पाठवा.

तुमची,
अंकिता


खंडाळा
१५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. अंकितास,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

मनुबाईंना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका. फौजेत आमच्या एका पठ्ठ्यानं पूजेचा नारळ थेट ट्रकच्या रेडिएटरवर फोडला होता. तो प्रसाद आम्हाला वर्कशॉपमध्ये आठवडाभर पुरला.

तुझं पत्र आलं तेव्हा शेजारच्या बिराप्पाचा ट्रॅक्टर दारासमोर चालू उभा होता. मनुबाईंचं म्हणणं वाचलं, उठलो आणि त्याच्या बॉनेटवर हात ठेवला. काही कळेल असं वाटलं नव्हतं. पण जरा वेळानं हाताला लागलं, एक सिलिंडर मधेमधे अडखळत होता. मी तसाच उभा राहिलो. बिराप्पा काहीतरी बोलत होता. मला ऐकू आलं नाही आणि बऱ्याच दिवसांनी त्याचं वाईटही वाटलं नाही. अंकिते, मला फार आनंद झाला.

पेटी खाली काढली. पाने गंजायला लागले होते, ते पुसून तेल दिलं. मामीनं हळदकुंकू वाहिलं. खंडेनवमी होऊन महिना उलटला, पण पूजा झाली. बिराप्पाचा ट्रॅक्टर आता आपल्या अंगणात आहे.

नळी कोणाला लावू देऊ नकोस. २३ तारखेच्या रविवारी सकाळच्या एसटीनं निघतो, कऱ्हाडला गाडी बदलून येईन. मनुबाईंना माळ करायला सांग, पण ती बाहेर आरशाला, आणि दोऱ्यानं. तू गाडी घेऊन स्टँडवर ये आणि इंजिन बंद करू नकोस. आधी तिच्यावर हात ठेवून बघतो, मग तुझ्याशी बोलतो.

माया यावेळी पेटीबरोबर घेऊन येतोय.

तुझा मामा,
नाथाजी