फॉर्मवरचे एकसष्ट वर्षांचे गृहस्थ

३ तारीख, सोमवार
आजपासून रोजनिशी. प्रोफेसरांना माझे प्रश्न झेपेनात म्हणून मी कॉलेज सोडलं. आता पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढतो. लग्नाला पाच महिने. प्रेमविवाह. तिच्यासाठी तिच्या मामाची कॉलर धरली होती. गेले दोन महिने मात्र ऐनवेळी शरीर साथ देत नाही. कारण उघड आहे: गादी. नवी आणणार. विषय संपला.

५ तारीख
नवी गादी आली. विषय संपलेला नाही. शिवाय पाठ दुखते.

६ तारीख, चहाची वेळ
लॅबच्या डॉक्टर मॅडम म्हणे, शरीरात कुठे सूज धुमसत राहिली तर रक्तवाहिन्या आतून बिघडतात, आणि पुरुषांना त्याचा पहिला इशारा कधीकधी पलंगावर मिळतो. मी हसलो. सगळ्यांत मोठ्याने. मग त्यांनी माझ्या गालाकडे पाहून विचारलं, दाढ कधीपासून सुजलीय. म्हटलं, सहा महिने, पण मी दाद देत नाही. काढून टाक म्हणाल्या. मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. डेंटिस्टकडे जायला वेळ नाही, इतकंच.

९ तारीख
तिने विचारलं, मी तिला कंटाळलोय का. खरं सांगण्यापेक्षा भांडण काढलं. भाजीत मीठ जास्त आहे म्हणालो. मीठ बरोबर होतं. ती जेवली आणि तिने माळ्यावरून बॅग काढली.

११ तारीख, सकाळी ७
मॅडमना खोटं पाडण्यासाठी स्वतःचं रक्त स्वतः काढलं, डाव्या हाताने. सुजेची टेस्ट लावली. फॉर्मवर एक बनावट नाव, वय ६१. मोबाइल नंबर टाकल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जाईना. बोटांना आला तो टाकला.
रिझल्ट १८. पाचच्या आत हवा. मशीन बिघडलंय.

१२ तारीख
दुसऱ्या मशीनवर १९. दोन्ही मशीन एकाच कंपनीची, एकमेकांना सामील. निषेध म्हणून तीन सिगारेटी ओढल्या, उजव्या बाजूने. डाव्या बाजूला ठणका आहे.

१३ तारीख
ती रविवारी माहेरी निघणार आहे. परत कधी, विचारलं नाही. जा म्हणालो. मी कुणाला अडवत नाही. तिच्या बॅगेची चेन अडकली होती, ती मात्र तासभर खपून दुरुस्त करून दिली. नको तेवढी छान चालते आता.

१४ तारीख, दुपार
घात. मॅडमची सही झाली की रिपोर्ट आपोआप मोबाइलवर जातो, हे मला ठाऊक होतं. बोटांना आलेला नंबर तिचा होता, हे नव्हतं. दुसरा कुठला नंबर मला पाठच नाही. नावावरून तिला काही कळलं नाही, पण रिपोर्टवर माझ्याच लॅबचा शिक्का. ती थेट काउंटरवर आली आणि एकसष्ट वर्षांचे हे गृहस्थ कोण म्हणून विचारलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि मला सुट्टी दिली.
जिन्यात सगळं सांगितलं. गादी, मशीन, सूज. तिने कठडा धरला. मग म्हणाली, "दोन महिने मला वाटत होतं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. आणि तू भाजीतलं मीठ काढत होतास?"
 

१६ तारीख, रविवार
ती माहेरी गेली नाही. मला डेंटिस्टकडे नेलं. मी स्वखुशीने गेलो, दंड तिने धरला होता तरी. निश्चय केला: दाढेपलीकडे एक अक्षर सांगायचं नाही. पुरुषाची काही खाजगी बाब असते.
इंजेक्शन दिलं. अर्धा चेहरा नाहीसा झाला. तोंडात कापूस कोंबून डेंटिस्टने विचारलं, आणखी काही त्रास? मी ठामपणे मान हलवली: नाही.
शेजारच्या स्टुलावरून तिने सगळं सांगितलं. दोन महिने, तारखांसकट. नर्ससमोर.
डेंटिस्टने शांतपणे लिहून घेतलं. म्हणे, दाढ हे एक कारण असू शकेल, सिगारेट दुसरं, दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा, एका दिवसात चमत्कार होत नाही.
मी कडाडून विरोध केला. तोंडातून फक्त लाळ आली. ती तिने पुसली.