अ‍ॅनेलीच्या लाल बाह्या

व्हिस्बी, मंगळवार

प्रिय ताई,

मध्ययुगीन मेळाव्यात चष्म्याला बंदी असल्यामुळे आज सकाळी मी एका मेंढीला अदबीने नमस्कार केला. बाकी मजेत आहे. तुझा गुडघा काय म्हणतोय?

शेजारच्या तंबूतल्या अ‍ॅनेलीने यंदा झग्याला टाचायच्या लालभडक बाह्या आणल्यात. माझ्या तपकिरी बाह्या शिवण्यात तीन हिवाळे गेले, पण सगळे फोटो काढतात तिचे! मग पोशाख तपासणाऱ्या बाईंना मी सहज म्हटलं, "रंग दुकानातला वाटतो, नाही?" दुकानी रंग इथे चालत नाही; त्यांनी तिला बाह्या उतरवायला लावल्या.

ती रडवेली होऊन माझ्याकडेच आली. "तोरबोर्गमावशी, तुमच्यासारखी पारख कुणाला नाही. तुम्ही तरी सांगा ना त्यांना!"

तंबूत चष्मा लावून पाहिलं. रंग कुठे गडद, कुठे फिका; घरी उकळलेल्या मंजिष्ठेच्या मुळांचाच. टाकेही मेले माझ्यापेक्षा बारीक.

बाईंना जाऊन सांगितलं, "रंग अस्सल आहे. चूक माझी."

तक्रार कुणाची, हे अ‍ॅनेलीने विचारलं नाही. तिच्या बाह्या मीच टाचून दिल्या. सोळा टाचण्या होत्या, ताई. एकही टोचू दिली नाही.

तुझीच,
तोरबोर्ग