पन्नासच किल्ल्या

१२ जानेवारी २००९, घोटावडे
पेपर स्वीकारल्याची मेल. सहा वर्षांत पहिलाच. अंतिम प्रत फेब्रुवारीअखेर द्यायची. गाईडना फोन केला. कुलकर्णीसर माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, पण सरच. म्हणाले, "ढमालेसर, आता प्रबंध बांधायला टाका. ३१ मार्चला नोंदणी संपते, आता मुदतवाढ नाही."
पेपरचं पहिलं पान देवापुढे ठेवलं. सौ. म्हणाली, "पेढा ठेवा. कागद काय खाणार आहे देव?"

१८ जाने., रवि.
दादा मुळशीहून आला, धरणातले मासे घेऊन. पेपरात काय लिवलंय, विचारत होता. सांगितलं: निरोपात मुद्दाम चुका घालून पाठवायचा. गुपित रचना ज्याच्यापाशी, त्यालाच चुका काढून वाचता येतो. बाकीच्यांना नुसता गोंधळ.
दादानं मासे सौ.कडे दिले. मग, "आन् पोरांच्या चुका झाल्या की मार्क कापतुयास व्हय रं?"
"कापतो."
"लई न्याय हाय तुमच्यात."
निरोप उघडायच्या किल्लीचं सांगायचं राहिलं. या पद्धतीची किल्ली फार अवजड, शून्य-एकांच्या शेकडो ओळींची. मी एकच ओळ जपतो. तीच एकेक घर सरकवत गेलं की बाकीच्या ओळी तयार. अशी शिस्तीतली किल्ली फोडायला, म्हणजे परक्याला ओळखून काढायला, सोपी पडते का, एवढाच प्रश्न. पेपरचा सगळा भार एका वाक्यावर: पाचशे किल्ल्यांवर हल्ला चालवला, एकही फुटली नाही.

५ फेब्रु.
मृणाल कॉलेजात आली होती. अकोल्याची, हिंजवडीत नोकरी, सरांकडेच पीएच.डी. हल्ल्याचा प्रोग्राम तिचा. आलेख काढायला माझ्या निकालांच्या दहा फायली उघडल्या, रोजच्या पन्नास किल्ल्यांची एक. वर-खाली करत राहिली.
"सर, रागावू नका. पहिल्या दिवसाची फाईल अन् दुसऱ्या दिवसाची सारखीच दिसून राहिली."
तिसरीही तीच. दहाही त्याच.
"सुरुवातीचा आकडा काय देत होते तुम्ही?"
१०८. रोज.
"मी तर घड्याळावरून घेत होते ना. ते कोणी काढलं?"
मीच. नोव्हेंबरात एक बिघाड शोधायला तीच किल्ली पुन्हा हवी होती, म्हणून काढलं. परत घालायचं राहिलं. मग प्रोग्राम रोज सकाळी आकडा मागायचा आणि मी पूजा आटोपून, नुकती माळ ठेवून आलेला. १०८ टाकायचो. शुभारंभ म्हणून. तोच आकडा दिला की त्याच पन्नास किल्ल्या निघतात, हे मी वर्गात शिकवतो.
दहा दिवस त्याच पन्नास फोडत बसलो.

६ फेब्रु.
सर म्हणाले, "पाचशेच्या जागी पन्नास लिहा. त्यात खोटं काय?"
खोटं काहीच नाही. पण पाचशे असताना जे ठामपणे म्हटलं, ते पन्नासांवर म्हणता येईल का. विचारलं नाही. घड्याळ परत घातलं, उद्यापासून नव्या किल्ल्या.

१० फेब्रु.
नव्या साठ. दोन फुटल्या. एक तर चहा गार व्हायच्या आत.

१३ फेब्रु.
आणखी एक. सरांकडे गेलो.
"प्रयोगापुरत्या लहान मापाच्या आहेत या. मोठ्या मापात नाही होणार."
"पाहिलंय कुणी?"
त्यांनी दार लोटून घेतलं. मग आवाज खाली आणून, "ढमालेसर, सहा वर्षं पाण्यात घालू नका."
माणूस वाईट नाही. माझ्याच काळजीनं बोलतात.

२३ फेब्रु., महाशिवरात्र
देवळात बसून होतो. देवाचं नाव घेऊन आकडा टाकला, पण चूक त्याच्यावर ढकलणार नाही. त्यानं कधी आकडा मागितला नव्हता.
घरी येऊन सौ.ला सगळं सांगितलं. ती उपासाचे शेंगदाणे कुटत होती.
"तुमच्या कुलपामागं कुणी खरंच काही ठेवणार आहे?"
"उद्या कुणी ठेवीलही."
"मग मला काय विचारताय."

२६ फेब्रु.
पेपर मागे घेतला. दोन ओळींची मेल. पाठवून झाल्यावर सरांना कळवलं. त्यांनी फोन ठेवला.
दुपारी मृणालचा मेसेज: "बरं केलं सर. पण नाव माझंही होतं त्यावर. आधी विचारायचं होतं."
माझ्यासारखाच तिचाही पहिला पेपर. ध्यानातच आलं नाही. स्वतःच्या खरेपणात इतका गुंग झालो, की तिचं तिला न विचारता देऊन टाकलं.

२७ फेब्रु.
हिंजवडीला तिच्या कंपनीच्या गेटवर जाऊन माफी मागितली. अवघडली. "जाऊ द्या ना सर, लोक पाहून राहिले." चहा तिनं पाजला. पैसे देऊ दिले नाहीत.

१४ मार्च, शनि.
मृ. घरी आली. फुटलेल्या तिन्ही किल्ल्यांच्या पहिल्या ओळी ओटीवर कागदावर मांडल्या. जेवण निवलं. तिन्हींत एक गोष्ट सारखी: एकं ठरावीक अंतरानं येतात, भाताची रोपं दोरी धरून लावल्यासारखी. कमकुवतपणाचं कारण एवढंच असेल, तर अशा ओळी आधीच वगळायच्या, पद्धत वाचते. आणखी काही असेल, तर सगळंच पडतं.
जाताना सौ.ला म्हणाली, "काकू, सरांना पूजेआधी बसवत जा कॉम्प्युटरवर." दोघी हसल्या. मीही.

१७ मार्च
सरांचा फोन, आपणहून. "जे आहे ते खरं खरं लिहून आणा. मी बघतो, विद्यापीठात कुणाशी बोलता येतं का." एवढंच. आवाजात राग नव्हता. थकवा होता.

२० मार्च
अकरा दिवस राहिले. दोरी धरल्यासारख्या ओळी वगळून नव्या किल्ल्या काढल्या आहेत. दोनशे तपासल्याशिवाय काही लिहायचं नाही, असं मृ. आणि मी ठरवलं. चाळीस टिकल्या. एक जरी फुटली तरी आमचं कारण अपुरं, आणि मग या मुदतीत प्रबंध नाही.
एक्केचाळिसावी चालू आहे. आधीच्या चाळिसांत प्रोग्रामला इतकं आत शिरता आलं नव्हतं. मी माळ हातात घेतली नाही. अशा वेळी तोंडून मागणं निघून जाईल. नुसता बसून बघतोय.
भारनियमनात वीज बाराला जाते. सव्वाअकरा झालेत.