मामांच्या पानाला कुलूप

नागपूर,
मंगळवार, दुपार (अर्ध्या दिवसाची रजा टाकून)

तीर्थस्वरूप मारोतमामांना मधुसूदनचा वाकून नमस्कार. मामींनाही तसाच, पण जरा जास्त वाकून, कारण त्या रागावलेल्या नाहीत.

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नका. आजकाल हाताने लिहिलेलं पत्र आलं की लोक आधी खुर्ची शोधतात आणि मगच पाकीट फोडतात. इकडे सगळे धडधाकट आहेत. आमच्या छोट्या रितिकाचा खोकला गेला, तिने तो मला दिला आणि मी ऑफिसला. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (डावा बरा असल्याचं मामींकडून कळलं. उजव्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांची पोळी तव्यावर होती.) बागेत संत्र्याच्या आंबिया बहाराची फळं यंदा किती टिकली, तेही कळवा. ऑगस्टमध्ये तुम्ही झाडाखालीच मुक्काम ठोकता हे मला ठाऊक आहे.

आता मुद्द्यावर येतो. म्हणजे लगेच येत नाही, कारण तुम्ही गेले अकरा दिवस माझा फोन घेतलेला नाही आणि त्यामुळे माझी बाजू सविस्तर सांगायची राहून गेली आहे. तुम्ही गावात सांगता की मधु कॉम्प्युटरमध्ये आहे. मी कॉम्प्युटरच्या अगदी काठावर आहे. आमची कंपनी संत्रा बागायतदारांसाठी ॲप बनवते. ते ॲप कसं वापरायचं, कुठे दाबलं की काय होतं, अडलं तर कुठे वाचायचं, हे सांगणारी जी लांबलचक पुस्तिका असते ती मी लिहितो. ती कोणी वाचत नाही असा माझा पंधरा वर्षांचा अनुभव होता. तो या महिन्यात खोटा ठरला.

त्या पुस्तिकेत एकूण तीनशे अठरा लिंक आहेत. पहिल्या तारखेला आमच्या सोनिका मॅडमनी सांगितलं की यातल्या जुन्या पद्धतीच्या सगळ्या लिंक सुरक्षित पद्धतीच्या करायच्या. तुम्हाला समजेल असं सांगतो (मला असंच सांगितलं तेव्हा समजलं). वेबसाइटचा जुना पत्ता म्हणजे पोस्टकार्ड, वाटेत कोणीही वाचावं, हवं तर दोन ओळी खरडूनही टाकाव्यात. नवा पत्ता म्हणजे चिकटवलेलं पाकीट. शिवाय हे पाकीट अमक्याचंच आहे अशी दोघांच्याही भरवशाच्या तिसऱ्या कोणाची ग्वाही सोबत असते, तिला सर्टिफिकेट म्हणतात. हे सगळं जागेवर असलं की कॉम्प्युटर पत्त्याशेजारी छोटं कुलूप दाखवतो आणि निमूटपणे पान उघडतो. नसलं की पत्त्याशेजारी लिहितो, ‘सुरक्षित नाही’. हे दोन शब्द लक्षात ठेवा. म्हणजे तुमच्या लक्षात आहेतच.

मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. जुना शब्द शोध, नवा शब्द घाल, सगळीकडे एकदम. बटण दाबलं आणि तर्री-पोहे खायला खाली उतरलो. परत येतो तर टेबलावरचा फोन थरथरतोय. कळमेश्वरच्या प्रतवारी शेडमधले रुपराव. ते म्हणाले, “साहेब, तुमच्या पुस्तकातलं दाबलं का काटा दिसे. आज काहून नाही दिसून राहिला? दोन गाड्या उभ्या हायेत माया डोक्यावर.” झालं असं होतं की त्यांच्या शेडमधल्या वजनकाट्याचाही एक पत्ता माझ्या पुस्तिकेत होता. तो काटा शेडच्या बाहेर कधी पाऊल टाकत नाही, त्याला इंटरनेट माहीत नाही, तो फक्त जुन्या पद्धतीची हाक ऐकतो. मी त्याला नव्या पद्धतीने हाक मारली आणि तो गप्प बसला. रुपरावांना मी जुना पत्ता फोनवर एकेक अक्षर करून सांगितला. त्यांनी तो शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला आहे, आणि आता ते पुस्तिका उघडतच नाहीत.

मग मॅडमनी शांतपणे सांगितलं (त्या शांतपणे बोलल्या की मला घाम फुटतो) की प्रत्येक लिंक हाताने उघडून पाहायची. मामा, तीनशे अठरा! त्या आठ दिवसांत मी जग पाहिलं. धरणाच्या पाणीसाठ्याचं पान घर बदलून दुसरीकडे गेलेलं. खताच्या हिशेबाचं पान उघडायचं, पण फक्त तमिळमध्ये. आणि ‘पुढील सात दिवसांचे हवामान’ असं मी ठळक अक्षरात लिहिलं होतं तिथे दाबल्यावर कन्हानकडचं एक लग्नाचं लॉन उघडायचं, पाचशे पाहुण्यांची सोय, डीजेसह. तो पत्ता कोणीतरी सोडून दिला होता आणि लॉनवाल्याने उचलला होता. दोन वर्षं हे चाललं होतं आणि एकाही शेतकऱ्याची तक्रार नाही. उलट एकाने पुतणीचं लग्न तिथेच केलं आणि ॲपला पाच तारे दिले.

असं करत करत तीनशे सतरा लिंक मार्गी लागल्या. एक उरली, दोनशे चार नंबरची. ‘संत्र्याची फळगळ: माझी निरीक्षणे. मारोतराव, निवृत्त कृषी सहायक, काटोल.’

ते पान मीच बनवून दिलं होतं, आठवतं? मी कॉलेजात होतो, तुमच्या घरात तेव्हा नुकताच एक मोबाईल आला होता आणि तुमचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. सकाळी मामी बादली घेऊन एकेका झाडाखाली पडलेली फळं मोजायच्या, मोठ्याने आकडा सांगायच्या, आणि तुम्ही ओट्यावर बसून वहीत उतरवायचे. चार वर्षांची ती वही मी उन्हाळ्याच्या सुट्टीत टाइप केली. आज आमच्या पुस्तिकेत सर्वांत जास्त उघडलं जाणारं पान ते आहे. मॅडमचं अख्खं ‘सुरुवात कशी करावी’ एकीकडे आणि तुमची फळगळ एकीकडे. फळं गळायला लागली की माणूस तुमचं पान उघडतो. त्या पानाला पाकीट नाही, मामा. आणि ज्या लिंकवर येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाकीट चढणार नाही ती पुस्तिकेतून निघणार. हा नियम आहे आणि मॅडम नियमाला नात्याच्या वर मानतात.

आता माझी चूक. सुरुवातीला पाकीट नसलेल्या एक्केचाळीस जणांना ऑफिसातर्फे एक ठरावीक ईमेल गेलं (बाकी चाळिसांनी ऐकलं). ते मीच पाठवलं आणि यादी वाचली नाही. ‘महोदय, आपण सुरक्षित नसल्याचे आढळून आले आहे. योग्य ती कार्यवाही न केल्यास आपणांस काढून टाकण्यात येईल.’ ‘आपले पान’ असं लिहायचं होतं. पान राहिलं. एकतीस वर्षं नोकरी, एकही मेमो नाही, आणि सख्ख्या भाच्याकडून हे! तुम्ही ते पोस्टमास्तरांना वाचून दाखवलंत असं कळलं. मला फार वाईट वाटलं, खरंच. दोन दिवस पोहे गोड लागले नाहीत.

माफी मागायला आणि पानाला पाकीट चढवायला म्हणून मी फोन केला. पाकिटासाठी आत शिरावं लागतं, आत शिरायला ओटीपी लागतो, आणि तो पान काढताना दिलेल्या मोबाईलवर येतो. मी बटण दाबलं आणि तो तुमच्याकडे मागितला. तुम्ही म्हणालात, “मले कोनताच ओटीपी आला नाही. अन् आला असता तरी सांगतला नसता. माया मधु असता त त्यानं मागतलाच नसता.” आणि फोन ठेवलात. त्यानंतर मी आणखी तीन दिवस रोज एकदा बटण दाबून फोन लावला. तुम्ही फोन घेईनात, मामींना लावला की नेमकी पोळी तव्यावर. (दुपारी साडेतीनला कसली पोळी, हे मी विचारलं नाही.)

यातही दोष माझाच. गेल्या दिवाळीत तुमचे दोघांचे फोन चार्जिंगला असतात तिथे भिंतीवर मीच पाटी चिकटवली, ‘ओटीपी कोणालाही सांगू नये. मधुसूदनलाही नाही.’ शेवटचं वाक्य मी गंमत म्हणून लिहिलं होतं. गंमत इतकी पाळली जाईल असं वाटलं नव्हतं.

तर मामा, म्हणून हे पत्र हाताने लिहिलं आहे. ती पाटी माझ्या हातची, हे पत्रही माझ्या हातचं. दोन्ही शेजारी धरा आणि ‘म’ ताडून पाहा. माझ्या ‘म’ची गाठ लहानपणापासून सुटलेली असते आणि त्यापायी तुम्ही मला अंगठे धरून उभं केलं होतं, हे कोणा चोराला माहीत असायचं कारण नाही. तुमच्याबद्दल असुरक्षित हा शब्द वापरेन अशी माझी छाती नाही. सायकलच्या दांड्यावर बसवून तुम्ही मला काटोलच्या बाजारातून घरी आणायचे, तितकं सुरक्षित मला नंतर कुठेच वाटलं नाही.

वडिलांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला आराम सांगावा.

तुमचाच (तपासून घ्यावा),
मधुसूदन

ता. क. विनंती एवढीच की गुरुवारी सकाळी अकराला मी बटण दाबीन, तेव्हा फोन घ्यावा आणि सहा आकडे सांगावेत. ते फक्त दहा मिनिटं टिकतात.

ता. क. २. पोस्टात चौकशी केली. पत्राला तीन दिवस लागू शकतात म्हणतात. म्हणजे गुरुवार हातचा गेला. तेव्हा बुधवारी सकाळच्या बसने मीच पत्र घेऊन निघालो आहे. हे कळमेश्वरच्या पुढे लिहितो आहे, अक्षर हललं आहे, ‘म’ वरचे पाहावेत.

ता. क. ३. आलो. तुम्ही बागेत गेला आहात. मामींसमोर कपाळाला हात लावून बसलो आणि म्हणालो, एक ओटीपी येईना मेला. त्या म्हणाल्या, “चार आले होते गा बापू. तूच त लिवून ठेवलं, कोनालेच सांगू नका. म्या यायलेही नाही सांगतले.” (‘यायले’ म्हणजे तुम्हाला.) मामा, पान काढताना दिलेला तेव्हाचा तो एकुलता एक मोबाईल मामींचा होता. तुम्ही खरंच बोलत होता आणि मी तुम्हाला रुसलेले समजत होतो. पाचवा ओटीपी मागवला. तोही त्यांनी लगेच दिला नाही. चष्मा लावला, हे पत्र पाटीशेजारी धरलं, सगळे ‘म’ पाहिले आणि मगच आकडे वाचले. पानाला कुलूप लागलं आहे, पाकीट चढलं आहे, दोनशे चार नंबर शाबूत.

ता. क. ४. आकडे वाचण्याआधी मामींनी एक अट घातली होती, ती सांगायची राहिली. फळं मोजली कोणी, एवढंच त्यांनी विचारलं. दहातली सात मिनिटं संपली होती, मी त्यांचं नाव घालायचं कबूल केलं. तेव्हा आता पानावर असं आहे: ‘संत्र्याची फळगळ: आमची निरीक्षणे. इंदुताई व मारोतराव.’ याच क्रमाने. तुम्ही बांधावरून येताना दिसता आहात आणि माझी बस सुटायला वीस मिनिटं आहेत. पत्र पाटीखाली ठेवतो. जे बोलायचं ते मामींशी बोलावं, पासवर्ड आता त्यांच्याकडे आहे.