वहीत नसलेली बाई

फालमथ,
३ ऑक्टोबर १८४८

चिरंजीव जॉब यास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण यंदा मासा भरपूर आला, मीठ लावून लावून हात सोलले. तुला ट्रफाल्गारच्या लढाईचं पदक मिळाल्याचं कळलं. एका पत्रात चारदा लिहवून घेतलंस, कळणार नाही तर काय!

आता आपल्याच जहाजावरचा बोडिली म्हातारा चारचौघांत म्हणाला, जॉब लढाईत तोफेपाशी नव्हताच. म्हणून लढाईच्या आठवणीत जुने खलाशी जेवतात त्या एकवीस तारखेच्या जेवणाला येऊन मी सांगायचं की होतास, नाहीतर तुझी खुर्ची जाणार. अरेरे, बिचारा!

बोडिलीचं काय चुकलं? सेनापतीच्या जहाजावर हुकूम सांगायला चढलेली निशाणं या डोळ्यांनी वाचली, असं तू सांगत सुटलास. अरे शहाण्या, खालच्या मजल्यावर तोफेच्या भोकातून हातभर पाणी दिसतं. आणि वाचलीस कशी? तुला स्वतःचं नाव वाचता येत नाही. हे पत्रसुद्धा शाळेचे मास्तर वाचून दाखवत असतील.

मास्तर, नमस्कार. त्या एका दुपारने इंग्लंड वाचलं, समुद्र आपला झाला, असं तुम्ही पोरांना शिकवता ना? खुशाल शिकवा. फक्त पुढचं जरा मोठ्याने वाचा, याला कमी ऐकू येतं.

जॉब, त्या दिवशी ठिणगी उडू नये म्हणून पायांना लोकरीच्या चिंध्या गुंडाळून मी तोफेच्या दारूच्या पिशव्या पोचवत होते. सहाव्या फेरीला तू दिसलास. दोरखंडांच्या खोलीत, ओल्या वेटोळ्यात डोकं खुपसून बसलेला. एकोणीस वर्षांचा होतास. मी काही बोलले नाही. वर तोफेपाशी तुझ्या जागी माझा नवरा पास्को उभा होता. सातव्या फेरीला मी पिशवी घेऊन गेले, तर ती घ्यायला तिथे कोणी उरलं नव्हतं.

त्रेचाळीस वर्षं तुझा राग केला. गप्प बसले म्हणून स्वतःचा त्याहून जास्त केला.

पदकासाठी अर्ज मीही केला होता, तुला सांगितलं नाही. लंडनहून उत्तर आलं, बायकांना पदक नाही, जहाजाच्या वहीत तुमचं नाव नाही. म्हणजे मी तिथे नव्हतेच. मग नसलेल्या बाईने तुला तोफेपाशी पाहिलं कसं? सरकारला खोटं पाडू की काय, तुझ्या खुर्चीसाठी?

पास्कोचं नाव मात्र वहीत आहे.

एकवीसला मी येते. त्या लढाईत पडलेल्या सेनापतीच्या आठवणीचा पेला सगळे उभं राहून मुकाट्याने घेतात. त्याच वेळी तू तोंड उघडायचं आणि म्हणायचं, "माझ्या जागी पास्को मेला." एवढंच. म्हणालास तर तुझ्या शेजारी बसून जेवेन. नाहीतर पदकाला शेजारी बसव आणि त्यालाच भरव.

तुझी बहीण आहे की नाही, ते त्या दिवशी कळेल. तोवर,

वहीत नसलेली,
पास्कोची टॅम्सिन