बाहेरून पास

बारक्या,

तू शाळा सोडलीस आणि फौजेत जायचा हट्ट धरलास, म्हणून मीच तुला बाहेरून परीक्षेला बसवलं. इस्त्रीच्या टेबलावर मी खडूनं गणितं घालायचे. उत्तर चुकलं की तू त्यावर शर्ट पसरायचास. एकदा एका गिऱ्हाइकाच्या पाठीवर तुझा अपूर्णांक गावभर फिरून आला.

भरतीचे साहेब म्हणाले होते, "शाळेतून काय न् बाहेरून काय, पास तो पास."

काल शेजारच्या काकूंचा मुलगा रजेवर आला. तुझ्याबरोबरच भरती झालेला, पण शाळेतून पास झालेला. "आमचा कुठे असतो रे?" मी विचारलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"ताई, पहिल्याच दिवशी बाहेरून पास झालेल्यांची वेगळी रांग केली. आम्हाला वायरलेस शिकायला ठेवून घेतलं."

"आणि त्यांना?"

"त्यांना काही शिकवलं नाही. संध्याकाळी गाड्या आल्या, थेट आघाडीवर घेऊन गेल्या."

आज साहेब स्वतः दुकानात आले. मी तुझा पत्ता मागितला, तर म्हणाले, त्या तुकडीला पत्ता नसतो. मग हसून म्हणाले, "तुमची शिकवणी छान आहे हो. अजून पोरं तयार करा."

आता हे पत्र कुठे टाकू?

सुतारकाकांची धाकटी वही घेऊन दाराबाहेर उभी आहे. मघापासून विचारतेय, "ताई, बाहेरून पास झालं तरी घेतात ना?"

आतून कडी लावून बसलेली,
तुझी ताई